एक रकाना राहिला

"वर बांध, आणखी वर," शिंपीण म्हणाली. "बाबांच्या हाताला लागलं तर संपलंच सगळं."

लांबू हेडमाळ्याला शिडी लागत नसे. पाऊस आधी लांबूला भिजवतो आणि मग वेळ मिळाला तर बाकीच्यांना, असं बागेत सगळे म्हणत. त्याने छत्रीचा दांडा मानेत अडकवला आणि काचघरामागच्या झुडपाच्या शेंड्याला निळं रेशमी फूल तारेने घट्ट बांधलं. तळहाताएवढं फूल. गिऱ्हाइकांचे कपडे बाजूला सारून शिंपिणीने ते शिवलं होतं.

"रंग पक्का आहे ना?"

"दुकानदार म्हणाला, पक्का आहे."

"तो काय, म्हणणारच."

झुडूप शिंपिणीच्या बाबांनी लावलेलं. बाबा बागेचे जुने हेडमाळी. लांबू खुरपं धरायला त्यांच्याच हाताखाली शिकला, अजून त्यांना मास्तर म्हणायचा. एकतीस वर्षं झाली, झुडूप काही फुललं नाही. पुस्तकात एवढंच होतं की त्याला फूल येतं. कसलं, कधी, याबद्दल पुस्तक गप्प. लहानपणी शिंपीण विचारायची, आणि बाबा म्हणायचे, "निळं असेल. तळहाताएवढं."

बागेत प्रत्येक झाडाचं एक कार्ड असे, पत्र्याच्या डब्यात. लावले, फुलले, पाहणारे, शेरा. या झुडपाचा दुसरा रकाना कोरा होता. आज बाबा कायमचे मुलाकडे निघाले होते, दूरच्या गावी. सामान बांधताना एवढंच म्हणाले, "तेवढा एक रकाना राहिला."

त्या एका वाक्यावर लेकीने कात्री हातात घेतली होती.

बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, पाऊस धो धो, बागेत चिटपाखरू नाही. जमून जाईल, असं दोघांना वाटत होतं.

"पण कार्डाचं काय?" लांबूने नाक पुसलं. चार दिवस त्याला पडसं होतं. "मी एकदा एक तारीख अंदाजाने टाकली, तर मास्तरांनी अख्खा डबा पुन्हा लिहून घेतला माझ्याकडून. आता त्यांच्याच हातून खोटी नोंद करवायची?"

"ते गाडीत बसले की कार्ड बदलू. त्यांना कुठून कळणार?"

बाबा आले ते भिजतच. गळ्यात रोलचा जुना कॅमेरा, आणि घरातली एकुलती एक प्लास्टिकची टोपी त्या कॅमेऱ्याला घातलेली.

"अहो बाबा, ती डोक्यावर घाला!"

"मी वाळतो. हा वाळत नाही." मग हळूच, "खरंच फुललंय?"

"बघा ना. पण इथूनच. पुढे चिखल आहे."

बाबांनी मान वर केली. खूप वेळ पाहिलं. लांबू स्वतःचे बूट मोजत होता, दोनच निघाले.

"वा," बाबा म्हणाले. "निळं. मी म्हणालो होतो की नाही?"

"तळहाताएवढं," शिंपीण म्हणाली. आवाज जरा चिरकाच निघाला.

मग बाबांचं नाक हललं. "वास येतोय."

वासाचं तर शिंपिणीच्या डोक्यातही आलं नव्हतं. तिला स्वतःला बोटांवरच्या डिंकापलीकडे कसलाच वास येत नव्हता. किती आस लावून बसलेत, तिला वाटलं.

"येतोय तर! मंद आहे," लांबू म्हणाला आणि दणकून शिंकला.

बाबा दोन पावलं पुढे गेले आणि सरळ चिखलात गुडघे टेकून बसले.

"बाबा, गुडघे!"

"खालून बरा येतो फोटो." त्यांनी कॅमेऱ्याला जवळचं भिंग लावलं. "छत्री धर. खाली. अगं, आणखी खाली."

छत्री त्यांच्या खांद्याला टेकली. कॅमेऱ्याला आडोसा हवा असेल, असं समजून शिंपिणीने मान फिरवली. कापडी फुलासाठी त्यांचं चिखलात बसणं तिला पाहवत नव्हतं. बाबांनी रुमालाने एक पान टिपलं, रुमाल घडी करून खिशात ठेवला. मग श्वास रोखून एकेक करत पाच फोटो काढले.

"एक उरला," ते उठत म्हणाले. "तू उभी राहा. त्या वरच्या फुलाशेजारी."

"मी कशाला? फुलाचा काढा ना."

"हस. शेवटचा आहे, वाया नाही घालवणार मी."

दातांच्या डॉक्टरसमोर हसावं तशी ती हसली.

"लांबू, कार्ड."

काचघराच्या वळचणीखाली, पाठ करून, नाक कार्डाला लावून बाबा लिहीत राहिले.

"एवढं काय लिहिताय?"

"एकतीस वर्षांचं साचलंय, पोरी."

कार्ड त्यांनी स्वतः डब्यात ठेवलं, झाकण लावलं. लांबूला म्हणाले, "बुंध्याशी खुरपं घालू नकोस, महिनाभर तरी." लेकीच्या गालाला हात लावला, गालावर चिखलाची चार बोटं उमटली. "मी गाडीत बसतो. तुम्ही आवरून या."

ते वळणाआड गेले.

"काढ ते वरचं," शिंपीण म्हणाली. "आणि कार्ड बदल. न वाचता."

"न वाचता नोंद बदलायची नसते. त्यांनीच शिकवलंय." लांबूने कार्ड वाचलं. पुन्हा वाचलं. मग ते तिच्या हातात दिलं.

"फुलले: आज, पावसात. फूल एक. पांढुरके, नखाएवढे, बुंध्याजवळ, तिसऱ्या पानाखाली. वास मंद, गोड.

पाहणारे: मी. हजर असलेले इतर दोघे वर पाहत होते.

शेरा: वरून निळे पाणी ठिबकत होते, म्हणून पान पुसले. शेंड्यावरचे फूल माझ्या मुलीचे आहे. ते या झाडाच्या नावावर मांडू नये."