झडतीचं दार

आरागिरणीचं ते कमानीचं दार संघप्रियानं भांडून वाचवलं होतं. गिरणी बंद पडून जमाना झाला, छपराचे पत्रे उडाले, आलापल्लीचं सागवान चिरायला यायचं थांबलं. विटांची कुंपणभिंत आणि तिच्यातली अरुंद कमान मात्र उभीच. इथं विद्यापीठाची इमारत उठणार म्हटल्यावर समितीला सगळंच जमीनदोस्त करायचं होतं. ही वास्तुरचनाकार पोरगी हटली नाही. मोठ्या फाटकाला पोरं बिचकतात, म्हणाली; खेड्यातून पहिल्यांदा येणाऱ्या मुलीला घरच्यासारखं लहानसं दार हवं. शेवटी समितीचे अध्यक्ष बोरकुटे सर त्या दाराच्या इतके प्रेमात पडले, की नकाशाच्या पहिल्या पानावर तेच. उद्या मंजुरी होती.

म्हणून आज तिनं आईला जागा दाखवायला आणलं. बोरकुटे सरही सोबत होते. कमलाबाईंनी उमेदीच्या काळात इथं भुसा वाहिला होता, एवढंच तिला ठाऊक. म्हातारी हौसेनं हिंडली, आऱ्याच्या खड्ड्यात डोकावली, लेकीचं पुठ्ठ्याचं मॉडेल मान वाकडी करून पाहिलं. "साजरं केलं वो माय," म्हणाली. संघप्रियाच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

निघताना कमलाबाई कमानीखाली थांबल्या. खांद्यावरचा पदर उतरवून त्यांनी दोन्ही हातांनी पसरला, झटकला, आणि मान खाली घालून तशाच उभ्या राहिल्या. कुणीतरी 'जा' म्हणायची वाट पाहावी, तशा.

"धूळ लागली का बाई?" बोरकुटे सरांनी विचारलं.

कमलाबाई भानावर आल्या. पार ओशाळल्या. "नाई जी. सवय हाय."

"कशाची सवय, आई?"

"इथी चौकीदारीण बसे. पदर झाडून दाखवला का मंगच बाहेर सोडे. चुलीसाठी एखादी ढलपी नेली असन म्हून. साऱ्या मान्सांच्या देखत."

"तू मले कधी सांगतलं नाई."

"चोर नसून रोज झडती देल्ली, हे लेकीले काय सांगाचं?"

संघप्रियाची कानशिलं तापली. याच दाराला ती गावभर घरचं दार म्हणत फिरली होती. शरम वाटली, आणि शरमेच्या पाठोपाठ राग आला. राग आला की ही मुलगी रडत नाही, कामाला लागते.

"सर, पोरी या दारातून आत येणार नाहीत."

"मॅडम, काऊन घोळ घालून राह्यल्या? उद्या मंजुरी हाय. तुमीच तं या दारासाठी आमच्याशी भांडल्या!"

"चुकले. आता उलटं भांडते."

"काम हातचं जाईन. दुसरे टपूनच बसले हायेत."

"जाऊ द्या. त्या पानावर माझं नाव नको."

बोरकुटे सरांनी कपाळाचा घाम पुसला. "मंग काय, पाडाचं का दार?"

"दार राहू द्या. भिंत पाडू. दोन्हीकडची, पार त्या चिंचेपर्यंत. येणाऱ्यानं कुठूनही यावं. कमान एकटीच उभी राहील."

"दार हाय अन् त्यातून जाचं नाई! लोक हासतील."

"हसतील. मग विचारतील, असं काऊन? तेव्हा सांगू."

तिनं पिशवीतून कटर काढलं आणि मॉडेल विटांच्या ढिगावर ठेवलं. वाऱ्यानं ते हलायला लागलं. "जरा धरता का, सर?"

सरांनी एकदा कमानीकडे पाहिलं, एकदा कमलाबाईंकडे. मग मुकाट्यानं दोन्ही हातांनी मॉडेल धरलं. संघप्रियानं पुढची भिंत इकडून कापली, तिकडून कापली. पुठ्ठ्याची कमान तेवढी उरली.

कमलाबाई ते पाहत होत्या. वाकून त्यांनी जुन्या भुशाच्या ढिगातून बोटभर सागाची ढलपी उचलली, फुंकून साफ केली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. चिंचेजवळ भिंत आधीच ढासळली होती. गावच्या शेळ्या तिथून ये-जा करत. कमलाबाई कमानीला वळसा घालून तिकडे गेल्या आणि पदर खांद्यावर नीट घेत, कुणापुढंही न थांबता बाहेर पडल्या.