हरकत

पुतळी गेल्याचं चिमणला कळलं तेव्हा तो डहाणू रोडला दुकानात पांढरी साडी बघत होता.

"कोण गेलं, काका?" दुकानदाराने विचारलं.

"कोणी नाय. लग्न आहे सोमवारी."

"कोणाचं?"

"माझंच."

दुकानदार हसला. तेवढ्यात दवाखान्यातून मुलीचा, योगिताचा फोन आला. "बा, आई गेली."

त्याने तीच साडी घेतली.

सव्वीस वर्षं दोघं लग्नाशिवाय नांदली. पाड्यात बरेच जण तसे नांदतात, जमेल तेव्हा लग्न लावतात. पण चर्चमध्ये लग्न लागलं नसेल तर मिस्सेत पवित्र भाकरीचा प्रसाद मिळत नाही. पुतळी दर रविवारी मागच्या बाकावर बसायची. प्रसादाची रांग निघाली की पाय बाजूला घेऊन लोकांना वाट द्यायची. यंदा दोघांनी नावं दिली. लग्नाआधी तीन रविवार नावं पुकारतात, कोणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. पहिल्या पुकाऱ्याला मागून कोणी म्हणालं, "यांच्या नातवाला विचारा." सगळे हसले, पुतळीही हसली. दुसरा पुकारा झाला आणि दोन दिवसांत तिला दवाखान्यात ठेवावं लागलं.

दफनाआधी चर्चची नोंदवही सांभाळणाऱ्या, फादरांच्या हाताखालच्या दिपक मास्तरांनी रजिस्टर उघडलं. पुतळी पेटीत होती, पांढऱ्या साडीत. मास्तरांनी तिच्या नावापुढे लिहिलं, अविवाहित.

"मास्तर, मी इथं उभा आहे," चिमण म्हणाला.

"दिसतोस मला. पण तिसरा पुकारा झाला नाही."

योगिताने कडेवरचं पोर सावरलं. "माझ्या बाप्तिस्म्याला बाचं नाव तुम्हीच लिहिलंत ना? मग आईचा तो कोण?"



फादरांनी वाकून पान वाचलं. "आजारी होती तर मला का नाही बोलावलं? मरणाच्या दारात पुकारे लागत नाहीत. खाटेजवळ लग्न लावलं असतं. प्रसादही दिला असता. दहा मिनिटांचं काम."

चिमणने मास्तरांकडे पाहिलं. गुरुवारी तो त्यांच्याच दारात गेला होता, फादरांना दवाखान्यात घेऊन चला म्हणायला. "सव्वीस वर्षं थांबलास, चार दिवस थांबवत नाही?" असं म्हणून त्यांनी दार लावलं होतं.

मास्तरांनी पेनाला टोपण लावलं. "चला, ऊन वाढतंय."

रविवारी चार जोड्यांची नावं पुकारली. यादीतल्या पाचव्या जोडीवर रेघ होती. कोणाची हरकत आहे का, विचारलं. कोणाची नव्हती.

चिमण मागच्या बाकावर होता. मास्तर जवळ येऊन हळूच म्हणाले, "फादरांकडे पापनिवेदन कर आणि पुढल्या रविवारपासून प्रसाद घे. आता तू एकटा, तुला हरकत नाही."

रांग निघाली. चिमणने पाय बाजूला घेतले.

पुतळीचा प्रसाद राहिला.