जलपूजन

साखर कारखान्याच्या मळीनं नदीचं पाणी विषारी झालंय, असं डॉक्टर कृपा साळवे जाहीरपणे बोलल्या. चेअरमनसाहेबांच्या माणसांनी त्यांचा दवाखाना फोडला, वर त्यांच्यावरच देशद्रोहाचा गुन्हा दाखल झाला. अखेर लेकराला घेऊन बाईंना देश सोडावा लागला.

आज घाटावर साहेबांच्या हस्ते जलपूजन होतं.

“गोदामाईला विष म्हणणारी बाई पळाली. माईचं पाणी अमृत होतं आणि अमृतच आहे,” साहेब माईकवरून म्हणाले. टाळ्या पडल्या. भटजींनी त्यांच्या तळहातावर नदीचं तीर्थ घातलं. साहेबांनी ते डोळ्यांना लावलं, उरलेलं डोक्यावरून फिरवलं आणि घसा ओला करायला पीएकडून पाण्याची सीलबंद बाटली घेतली.

रोज इथूनच हंडा भरणारी पुष्पावती पुढं बसली होती.

“तीर्थ प्या की साहेब,” ती म्हणाली. “आता कशाला भेता? विष हाय म्हननारी तर गेली परदेशात.”