उशिराची भरपाई

“पैसे नकोत, तर मग हवंय काय तुम्हाला?” तक्रार ऐकणाऱ्या मॅडमनी चष्मा वर सरकवत विचारलं.

“यांनी लिहून द्यावं,” वहिनी म्हणाली, “की छताला उशीर झाला तो यांच्यामुळे, माझ्यामुळे नाही. खाली सही, शिक्का.”

विमा कंपनीचा माणूस गालात हसला. भरपाई वाढवून मागणारे त्याने ढिगाने पाहिले होते, नको म्हणणारी ही पहिलीच.

शाळेचे गणवेश शिवणारी ही बाई साऱ्या गल्लीची वहिनी. पण खऱ्या नात्याने ती वहिनी होती एकाच माणसाची, मोठ्या नणंदेची. नवरा गेला आणि दोन खोल्यांच्या घरात दोघीच उरल्या. सख्य म्हणाल तर विळ्या-भोपळ्याचं. एकीला पंखा हवा, दुसरीला नको. चहात साखर किती, इथून सकाळ सुरू व्हायची. तरी वहिनीने मशीनवरून शर्ट उतरवला की नणंदेने काजं करायची, बटणं लावायची, यात कधी खंड नाही. तोंड चालू आणि सुईही चालू.

मग वरच्या मजल्यावरचा पाइप फुटला आणि नणंदेच्या खोलीचं छत तिच्या पलंगावर आलं. नशीब, ती तेव्हा बाहेर बटणं लावत बसली होती. घराचा विमा होता. कंपनीने फोनवर बजावलं, “आमचा माणूस बघून जाईपर्यंत ढेकूळसुद्धा हलवू नका.” वहिनीने नाही हलवलं. नणंद भाच्याकडे राहायला गेली, आठवडाभरासाठी म्हणून. कंपनीचा माणूस उगवला महिन्याने. त्याने काढलेले फोटो अंधारे आले, म्हणून दुसरा आला. मग कागद हरवले, मग साहेब बदलले. फोनवर दर वेळी नवा आवाज आणि तेच उत्तर, “प्रक्रिया चालू आहे.” ताकाला तूर लागू देतील तर शपथ! वर्ष उलटून गेलं, तेव्हा कुठे पैसे आले आणि छत झालं.

वहिनीने त्याच दिवशी फोन लावला. “वन्सं, झालं एकदाचं. या आता.”

पलीकडून थंड आवाज आला. “राहू दे. विम्याचं नुसतं निमित्त गं. तुला मी घरात नकोच होते.”

आता बोला! वड्याचं तेल वांग्यावर. वहिनी आधी तिरमिरली आणि मग मशीनवर डोकं टेकून रडली. घर खायला उठायचं. पंखा बंद करा म्हणणारं कोणी नव्हतं. चहा हवा तेवढा गोड करता येत होता आणि घशाखाली उतरत नव्हता. काजं करताना सुई बोटात गेली की ती मोठ्याने ‘आई गं’ म्हणायची, कोणी ऐकत नाही हे माहीत असूनही. तिने मनाशी ठरवलं, कंपनीकडून लेखी आणायचं आणि नणंदेपुढे ठेवायचं. वाचा म्हणावं. दोष कुणाचा ते बघा आणि परत या. म्हणून तर चपला झिजवून तिने ही सुनावणी मिळवली होती.

“चूक झाली असं आम्ही कुणालाच लिहून देत नाही,” कंपनीचा माणूस म्हणाला. “हवं तर उशिराची भरपाई दुप्पट करतो.”

“दसपट केलीत तरी नको! तुमच्या उशिरामुळे माझी नणंद घर सोडून गेली.”

त्याचं हसू मावळलं. त्याने फाइलमधून एक फोटो काढून मॅडमपुढे ठेवला. “ही घरातली दुसरी खोली. कोरडी, ठणठणीत. हा एवढा मोठा पलंग.” मग तो वहिनीकडे वळला. “बाई, तुमच्या नणंद या खोलीत का नाही राहिल्या?”

“बोला,” मॅडम म्हणाल्या.

वहिनीने फोटोतल्या पलंगाकडे पाहिलं. छत पडलं त्या संध्याकाळी नणंद पिशवी घेऊन याच खोलीच्या दारात उभी होती. खाली भाचा हॉर्नवर हॉर्न वाजवत होता, तरी ती हलत नव्हती. पलंगाकडे बघत होती. पलंगाची एक बाजू नवऱ्याची. तो गेल्यापासून वहिनीने तिथली चादर रोज सारखी केली होती, पण कुणाला टेकूसुद्धा दिलं नव्हतं. आणि ती नणंदेला म्हणाली होती, “वन्सं, गाडी थांबलीय.” एवढंच म्हणाली होती.

“यांचं बरोबर आहे,” वहिनी म्हणाली. “माझी तक्रार नाही.”

“अहो, पण भरपाई तरी...” मॅडम म्हणेपर्यंत ती दाराबाहेर पोचली होती.

व्हरांड्यातल्या बाकावर बसून तिने फोन लावला. बराच वेळ घंटा वाजली.

“काय आहे?” नणंद म्हणाली.

“वन्सं, छताचं सोडा. माझ्या खोलीत झोपाल का? यांच्या बाजूला?”

वहिनीने फोन कानाला घट्ट दाबला. मग पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

“वहिनी,” नणंद म्हणाली, “तू तर कंपनीपेक्षाही उशीर केलास गं.”