हरलेली लढत

अकोल्याच्या दवाखान्यात कुसुम धोत्रे स्वतःच्या आठवणी पडद्यावर बघत होती. बॉक्सिंग सुटलं, पण डोक्यावर खाल्लेल्या ठोशांनी मेंदू झिजला होता. हल्ली ती पोरीचं नावही विसरायची. नवं काही लक्षात राहायला हवं, तर जुन्या आठवणी पुसून जागा करावी लागणार होती.

"सुवर्णपदकाची लढत ठेवू ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"पुसा. पदक कधीच विकून खाल्लं, आता आठवण काय चाटायची? ती पहिली हरलेली लढत तेवढी ठेवा."

"हरलेली? का हो, ताई?"

"पंच आकडे मोजत होते, पाय ऐकत नव्हते, तरी मी उठले होते. कशी उठले, ते उद्यापासून रोज लागणार आहे मला."