चमचाभर पाणी

"पाणी," आजोबा पुन्हा म्हणाले.

"सकाळी दिलं की चमचाभर," सुनेत्रा सिस्टर हसून म्हणाली. वॉर्डमधल्या सगळ्यांना तेवढं पुरत होतं. तिच्या आजीच्या पिढीपासून मुलांची मूत्रपिंडं जन्माआधीच बदलली जात होती. शरीरातलं पाणी शरीरातच राहायचं आणि लघवीच्या भांड्यात पडायचे ते नुसते कोरडे खडे. डोंगरापलीकडून परवा आणलेल्या या आजोबांच्या भांड्यात मात्र काल चहासारखं गडद पाणी होतं. हाच त्यांचा आजार, असं सगळे समजले होते. आज तेही नव्हतं, म्हणून सुनेत्राला हायसं वाटलं.

"तहान लागलीय गं, पोरी."

हे दुखणं तिने कधी ऐकलं नव्हतं. "तहान कुठे दुखते, आजोबा?"

आजोबांनी हात गळ्यावर ठेवला.

सुनेत्राने मायेने त्यांच्या गळ्याला मलम चोळलं, वर गरम पट्टी गुंडाळली आणि ती उशाशी बसून राहिली. हळूहळू आजोबांचं मागणं थांबलं.

मलमाचा गुण आला म्हणायचा, असं मनाशी म्हणत ती पुढच्या खाटेकडे वळली.