दिवेलागणीचा विस्तव

"थोडा विस्तव देता का?" दारातला माणूस म्हणाला. त्याच्या हातात राखेनं भरलेलं मडकं होतं आणि अंगाला गुंडाळलेलं एकच जाडंभरडं कापड. तेही जानेवारीच्या गारठ्यात!

शिवकन्यानं विज्ञानाचं पुस्तक पटकन मिटलं. हा नचिकेत. दसऱ्यानंतर पुण्याहून आला, गावातल्या किशनरावांच्या पडीक रानात झोपडी घातली आणि सगळ्यांना सांगून टाकलं, आता आदिवासींसारखं जगायचं. वीज नको, मोबाइल नको, कारखान्यातली एकही वस्तू नको. गावात कुणी म्हणे, गुप्तधन उकरायला आलाय. कुणी म्हणे, मागावर पोलीस आहेत. शिवकन्याला दोन्ही पटत नव्हतं. पण तिसरं काय, ते तिला सापडत नव्हतं आणि त्याचीच तिला जास्त चुटपुट होती.

तिची आई मनकर्णाबाई चुलीपुढं भाकरी थापत होत्या. पिठाच्या हातानंच त्या आल्या आणि उंबरा अडवून उभ्या राहिल्या. सूर्यभान, शिवकन्याचे वडील, अजून ताडकळसच्या बाजारातून परतले नव्हते.

"तुमचा विस्तव कुठं गेला?"

"दुपारच्या अवकाळी पावसात विझला, काकू. लाकडावर लाकूड घासून पाहिलं, पण सगळं ओलं झालंय." त्यानं तळवे पुढं केले. फोड फुटून लाल झाले होते.

"शिवकन्ये, काडीपेटी दे गं त्यान्ला."

"काडीपेटी नको. जिवंत विस्तव हवा. आदिवासी एकमेकांकडून विस्तवच नेतात."

"जिंतूरकडचे आंध येतात की आमच्याकडं कापूस येचायला," मनकर्णाबाई म्हणाल्या. "आदिवासीच हायेत ते. त्यांच्या खिशात काडीपेटी असतीय. मोबाइल बी असतोय."

"त्यांना बिघडवलंय."

"काडीपेटीनं?" शिवकन्या फिस्सकन हसली.

तो हसला नाही. "कंपनीत मी वर्षानुवर्षं सरकत्या पट्ट्यापुढं उभा राहून पंप जोडले. रात्री झोपेतसुद्धा माझे हात तसेच हलायचे. माझ्या मुलाच्या वाट्याला ते नको."

हे बोलताना त्याचा आवाज अगदी खरा वाटला. शिवकन्याला तेच सगळ्यात जास्त खटकलं. खोटारडा माणूस ओळखायला सोपा असतो.

मनकर्णाबाईंनी देवापुढच्या दिव्याकडं पाहिलं. "दिवेलागण झाली, भाऊ. आता घरातून विस्तव भाईर जात न्हाई. मीठ न्हाई, विरजण न्हाई, विस्तव बी न्हाई. लक्ष्मी जाती."

"काकू, ही अंधश्रद्धा आहे!"

"घ्या!" शिवकन्याला राहवलं नाही. "जुन्या लोकांसारखं जगायचं म्हणता, मग जुन्या लोकांचं येवढं तरी ऐका की, काका."

त्यानं मडक्यातली राख उगीच बोटानं उकरली.

तेवढ्यात अंगणातल्या कडुनिंबाखाली काहीतरी हललं. त्याची बायको, श्रद्धा. एवढा वेळ ती तिथंच होती आणि कुणाला दिसलीही नव्हती. अनवाणी. छातीशी एक गाठोडं. शाळेत जाता-येता शिवकन्यानं तिला रानात लांबून पाहिलं होतं, आवाज मात्र कधी ऐकला नव्हता.

मनकर्णाबाईंनी मान तिरपी करून पाहिलं. "लेकरू हाय का त्यात? मग रडंना कसं?"

श्रद्धानं गाठोडं आणखी घट्ट धरलं.

"शांत आहे ते," नचिकेतनं सांगितलं. "निसर्गात वाढणारी मुलं शांतच असतात."

मनकर्णाबाईंनी त्याला कोपरानं बाजूला सारलं, तरातरा निंबाखाली गेल्या आणि पिठाचा हात गाठोड्यात घातला.

"अरे, पाय निस्ते बर्फ झालेत की रे याचे! हिला बाळंत होऊन सवा महिना बी झाला नसंल, न् अशी अनवाणी फिरवायलास?"

"म्हणूनच तर विस्तव मागतोय!"

"विस्तव भाईर जात न्हाई, एकदा सांगितलं. लेकरू आत येतंय."

श्रद्धाच्या पाठीवर हात ठेवून त्यांनी तिला घरात आणलं आणि चुलीपुढं बसवलं. नचिकेत मागोमाग उंबऱ्यापर्यंत आला. आतला बल्ब आणि कोपऱ्यातली गॅसची टाकी पाहून थांबला आणि उजेडाच्या बाहेर सरकून उभा राहिला.

मनकर्णाबाई तळहात विस्तवावर धरायच्या आणि बाळाच्या तळपायांना लावायच्या. पुन्हा धरायच्या, पुन्हा लावायच्या. बाळानं आधी मांजराच्या पिलासारखं कुईं केलं. मग त्यानं असं काही भोकाड पसरलं, की शिवकन्याला टाळ्याच वाजवाव्याशा वाटल्या. रडून रडून ते दमलं आणि आईच्या मांडीवर झोपी गेलं.

श्रद्धा हसली नाही, रडलीही नाही. तिचं लक्ष सारखं दाराकडं होतं.

"श्रद्धा, झालं का? चल आता," अंधारातून हाक आली.

"बाळ दूध पितंय," ती म्हणाली.

तिचा आवाज शिवकन्या पहिल्यांदाच ऐकत होती. आणि बाळ तर मांडीवर गाढ झोपलं होतं.

श्रद्धा तिच्याकडं झुकली. ओठ हलले न हलले. "सकाळी पूर्णा स्टेशनला जाणारी पहिली बस कितीला असते गं?"

शिवकन्यानं चमकून आईकडं पाहिलं. मनकर्णाबाईंनी मान वर केली नाही. पिठाचा गोळा घेतला, परातीत टाकला आणि थापायला सुरुवात केली. इतक्या जोरात, की कोनाड्यातली भांडी वाजायला लागली.

शिवकन्या श्रद्धाच्या कानाशी वाकली.

बाहेर त्याला फक्त भाकरीचा आवाज ऐकू जात होता.